मदत हवी आहे: तासाची कँडल 15 मिनिटांच्या चार्टवर आणताना घोळ

नमस्कार मंडळी. निपाणीत हार्डवेअरचं दुकान आहे, पायथन काउंटरवर बसूनच शिकलोय. चूक बाळबोध असली तर सांभाळून घ्या.

शेअर बाजाराच्या निफ्टी निर्देशांकाच्या 15 मिनिटांच्या डेटावरून पँडाजच्या (पायथनमधलं तक्ते हाताळायचं साधन) रीसॅम्पलने, म्हणजे छोट्या वेळेच्या ओळी मोठ्या वेळेत गोळा करून, तासाच्या कँडल (तेवढ्या वेळातल्या भावांची एकेक पट्टी) केल्या, तर पहिलीच कँडल 9:00 ची! बाजार उघडतो 9:15 ला. रीसॅम्पल घड्याळाचा तास धरतं, म्हणून पहिल्या कँडलमध्ये पाऊण तासच येत होता. ऑफसेट 15 मिनिटं दिल्यावर, म्हणजे तासाची सुरुवात तेवढी पुढे सरकवल्यावर, 9:15, 10:15 अशा नीट लागल्या. शेवटची 15:15 ची पाव तासाचीच राहते. 375 मिनिटांना 60 ने भाग जात नाही, त्याला इलाज नाही.

खरं दुखणं पुढे आहे. नियम साधा: तासाची कँडल हिरवी (शेवटचा भाव सुरुवातीपेक्षा वर), की खरेदी. तासाचा तक्ता रीइंडेक्समध्ये (दुसऱ्या तक्त्याच्या वेळांवर बसवणं) एफफिल (पुढची ओळ येईपर्यंत आधीचीच किंमत भरणं) देऊन 15 मिनिटांच्या तक्त्याला जोडला. बॅकटेस्ट (जुन्या डेटावर नियमाची चाचणी) इतकी गोड आली की बायकोला सांगणारच होतो. पण मंगळवारी बॅकटेस्टमध्ये खरेदी 10:15 च्या ओळीवर, आणि चालू बाजारात तोच सिग्नल आला 11:15 ला. तोवर भाव निघून गेलेला. शिफ्ट 1 लावलं, म्हणजे तासाच्या किंमती एक ओळ खाली सरकवल्या, तर रोज सकाळच्या पहिल्या चार ओळी रिकाम्या.

चिकोडीच्या मित्रानं फोनवर कन्नडमधून समजावलं. तो बोलत होता तोवर कळत होतं, फोन ठेवला की गेलं. मराठीतून कुणी सांगेल का?

प्रतिसाद

रीसॅम्पल कँडलला सुरुवातीची वेळ चिकटवतं. 10:15 च्या कँडलचा क्लोज (शेवटचा भाव) ठरतो 11:15 ला, आणि तुम्ही तो 10:15 च्या ओळीतच वापरताय. बॅकटेस्टला पेपर आधीच फुटलाय हो!

शिफ्ट बरोबरच आहे, फक्त त्याआधी ड्रॉपएनए करा, म्हणजे रिकाम्या ओळी काढून टाका. रीसॅम्पल रात्रीचे आणि शनिवार-रविवारचेही तास बनवतं, सगळे रिकामे. शिफ्ट केलं की सकाळच्या कँडलच्या वाट्याला 8:15 चा तो रिकामा तास येतो, म्हणून 9:15 ते 10:00 च्या चार ओळी कोऱ्या. आधी रीसॅम्पल, मग ड्रॉपएनए, मग शिफ्ट, शेवटी रीइंडेक्स.

धागाकर्ता

लावलं. चारही ओळी भरल्या, सिग्नल पण जुळला. नफा मात्र पार आटला. बायकोला सांगितलं नव्हतं तेच बरं.