पहिला चेरोकी पर्पल चवीला सपक का लागला असावा?

रोपवेडी

यंदा मी प्रथमच चेरोकी पर्पल या हेअरलूम (म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बिया राखून जपलेल्या) टोमॅटोची तीन रोपे मोठ्या कुंड्यांमध्ये लावली. आजवर संकरित वाणच लावत आले होते, परंतु या वाणाच्या चवीचे कौतुक इतक्या जणांकडून ऐकले होते की जवळजवळ तीन महिने मी रोज सकाळी त्या कुंड्यांपुढे उभी राहत असे. पहिले फळ पिकलेसे वाटल्यावर तोडले, पण ते सगळ्यांनी मिळून चाखायचे असे घरात ठरले होते आणि धाकटा भाऊ परगावी असल्यामुळे ते आठ दिवस फ्रीजमध्ये राहिले.

काल भाऊ आल्याबरोबर ते फ्रीजमधून काढून तसेच कापले. आतला रंग पाहत राहावा असा होता; गर गडद गुलाबी आणि बियांभोवतीची जेली हिरवट. चव मात्र सपक निघाली. थोडी गोडी होती, आंबटपणाही होता, पण टोमॅटो खातो आहोत असे डोळे मिटून सांगता आले नसते. आईने एक फोड खाल्ली आणि जरा थांबून "रंग मात्र छान आलाय हं" एवढेच म्हणाली, त्यावरून मी काय ते समजले.

दोष वाणाचा आहे, माझ्या पाणी देण्याचा आहे (मी सकाळ-संध्याकाळ न चुकता भरपूर पाणी घालते) की फळ तोडण्यात घाई झाली? देठाजवळचा भाग शेवटपर्यंत हिरवाच होता. शिवाय फळ वेडेवाकडे होते आणि त्याच्या बुडाशी टाके घातल्यासारखे तपकिरी व्रण होते. झाडांवर अजून सहा फळे आहेत, म्हणून विचारत आहे.

निवांत माळी

आपल्या प्रश्नातील "आठ दिवस फ्रीजमध्ये" हे शब्द वाचले आणि पुढचे वाचण्याआधीच उत्तर सुचले. टोमॅटोची चव म्हणून आपण जे ओळखतो, त्यातला मोठा वाटा जिभेचा नसून नाकाचा असतो. साखर आणि आम्ल जिभेला कळतात, पण उरलेली सगळी ओळख हवेत उडणाऱ्या गंधद्रव्यांमुळे पटते, आणि पिकलेले फळ साधारण 12 अंश सेल्सिअसच्या खाली बरेच दिवस राहिले तर ही द्रव्ये तयार करण्याचे त्याचे काम मंदावते. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 5 अंशांवर सात दिवस ठेवलेली फळे पुन्हा उबदार जागी आणल्यावरही त्यांचा गंध पूर्ववत झाला नाही, कारण थंडीमुळे गंधाशी संबंधित जनुकांचे कामच दबून जाते. साखर आणि आम्ल यांच्यात मात्र फारसा फरक पडला नाही. गोडी आहे, आंबटपणा आहे आणि तरीही काहीतरी हरवले आहे असे जे आपण लिहिले आहे, ते याच्याशी तंतोतंत जुळते.

पुढचे फळ घरातल्याच तापमानाला, देठाची बाजू खाली करून ठेवावे आणि एक-दोन दिवसांत खावे. भावाला वाट पाहू द्यावी, फळाला नको.

वाफेकरी

फ्रीजचा मुद्दा मान्य आहे, परंतु सगळे खापर त्याच्यावर फोडू नये असे मला वाटते. सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी, तेही फळे रंगावर येताना, हे चवीच्या दृष्टीने घातकच आहे. फळ पाणी ओढून फुगते आणि त्यातला अर्क पातळ होतो. फळे पूर्ण वाढून पाडाला आली की पाण्याचा किंचित ताण द्यावा: माती दोन बोटे खोल कोरडी लागली तरच पाणी घालावे, पण घालताना मुळांपर्यंत पोहोचेल इतके घालावे. ताण म्हणजे झाड वाळवणे नव्हे. कुंडी पूर्ण सुकवून मग एकदम भरभरून पाणी दिले तर या वाणाच्या पातळ सालीला तडे जातात, आणि पाणी सतत कमी-जास्त होत राहिले तर कॅल्शियम फळापर्यंत नीट न पोहोचून बूड काळे पडते. पहिल्या घोसाला हा त्रास अधिक होतो.

आणखी एक विचारतो. फोडी करताना बियांभोवतीची जेली ताटातच राहिली का? अनेक जण ती निथळू देतात किंवा काढून टाकतात. ग्लुटामेटचे प्रमाण गरापेक्षा त्या जेलीत जास्त असते आणि तोंडात रेंगाळणारी खमंग चव त्याच्यामुळे येते. तेव्हा आडव्या चकत्या कराव्यात आणि ताटात उतरलेला रसही सोडू नये.

बांधावरची

हिरव्या देठाबद्दल आपली समजूत बहुधा चुकली आहे. चेरोकी पर्पलमध्ये पिकतानाही हरितद्रव्य पूर्णपणे नाहीसे होत नाही; त्या हिरव्यावर लाल रंग चढतो म्हणूनच फळाला तो मातकट जांभळा रंग येतो. देठाजवळचे हिरवेपण जाण्याची वाट पाहिली तर बुडाकडून फळ पिलपिलीत होईल. त्यामुळे डोळ्यांपेक्षा अंगठ्यावर विश्वास ठेवावा: बुडाशी हलके दाबल्यावर फळ किंचित दबले आणि देठाच्या गाठीशी अलगद सुटले, की ते तयार आहे.

व्रणांची काळजी नको. कळी धरताना रात्री गारवा असला की पहिली फुले अनेकदा जोडफुले होतात आणि त्यांची फळे अशीच शिवल्यासारखी दिसतात. चवीशी त्याचा संबंध नाही.

वाणाला मात्र इतक्यात दोष देऊ नये. 1990 साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातून आलेल्या एका पत्रासोबत या बिया टोमॅटोचे जुने वाण जमवणाऱ्या क्रेग लहुलिअर यांच्या हाती पडल्या, त्यांनी त्याला हे नाव दिले आणि तेव्हापासून हा वाण केवळ चवीच्या जोरावर हातोहात पसरला. दिसायला तर तो मुका मार लागून पडलेल्या डागाच्या रंगाचाच आहे.

रोपवेडी

सर्वांचे आभार. बारा दिवसांनी लिहीत आहे, कारण मधल्या काळात पाणी कमी केले आणि दुसऱ्या फळाची वाट पाहिली. या वेळी अंगठ्याने दाबून पाहिले, एक दिवस ओट्यावर ठेवले आणि जे घरात होते त्यांनीच खाल्ले. सुरी लावताच टोमॅटोच्या पानाला बोट घासल्यावर येतो तसा वास आला. गर मऊ पण पिठूळ नाही, आधी गोडी, मागून आंबटपणा, आणि शेवटी तोंडात खारट नसूनही खारटाचा भास देणारे काहीतरी उरले. मीठ लावायचे राहून गेले हे नंतर लक्षात आले. जेलीबद्दल विचारलेत ते योग्यच होते; पहिल्या वेळी मी ती चमच्याने काढून टाकली होती.

या फळाच्या बिया पेल्यात रसासकट ठेवल्या आहेत. तिसऱ्या दिवशी वर पांढरी साय धरली आहे आणि वास सहन होत नाही. टाकून द्याव्यात का?

बांधावरची

मुळीच टाकू नका, तेच हवे होते. बियांवरचे बुळबुळीत आवरण आंबून सुटले आहे. आजच पाणी घालून ढवळा, वर तरंगेल ते ओतून द्या, तळाशी बसलेल्या बिया चार-पाच वेळा धुवा आणि कागदावर नको, बशीत पसरून सावलीत वाळवा. कागदाला त्या चिकटून बसतात. शेजारी दुसरा वाण फुललेला नसेल तर सरळ (संकरित नसलेला) वाण असल्यामुळे पुढच्या हंगामात बहुतेक हेच फळ येईल.