'कट अ सॉरी फिगर'ला मराठीत 'ध्यान' चालेल का?
'कट अ सॉरी फिगर' म्हणजे माफी मागणारी आकृती कापणं का, असं कुणी गमतीनं विचारलंय, आणि 'कट अ फिगर'ला मराठी शब्दही मागितलाय. इथला 'कट' कात्रीचा नाही, चारचौघांत काही करून दाखवण्याचा आहे. 'कट अ डॅश'मध्ये (म्हणजे ऐटीत मिरवणं) असतो तसा. सॉरी म्हणजे केविलवाणं. फिगर म्हणजे दिसणारं रूप, त्याला फाइन लावलं की रुबाब, सॉरी लावलं की शोभा!

त्यावर कुणी सुचवलेलं 'छाप पाडणे' मला अर्धवट वाटतं, ते फक्त फाइनला चालेल. 'ध्यान' जास्त जवळचं. तुकोबांचं विटेवरचं ध्यान सुंदर, आणि आमच्या इंदूरच्या घरात तोच शब्द टोमण्याला. मामेभाऊ एका लग्नात थोरल्याचा कोट घालून आला. बाह्या पार बोटांच्या टोकापर्यंत, कॉलरला लॉण्ड्रीची चिठ्ठी तशीच. आजी त्याला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "काय ध्यान दिसतंय!" विशेषण लागलंच नाही, नुसत्या सुरावर भागलं. इंग्रजीतल्या 'फिगर'ला मात्र टोमण्यासाठी 'सॉरी' लावावं लागतं.

त्याच रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (थंडीत मिळणारा तळलेला कंद) खाताना त्यानं त्या बाह्यांनाच मसाल्याचे हात पुसले. (गराडू, म्हणजे लग्न थंडीतलं असणार.)