खात्यावर पीएल (भरपगारी रजा) शिल्लक असताना येळवशीची रजा बिनपगारी कशी होते?

औसा तालुक्यातील कामगार (सध्या वाळूज):

मी वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात चार वर्षांपासून कंपनीच्या हजेरीपटावर कायम कामगार आहे. यंदा वडिलांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यामुळे येळवशीला (वेळ अमावास्येला) शेतात कडब्याची कोप (झोपडी) घालून पूजा मांडण्याचे काम माझ्यावर आले आहे, शिवाय तूरही काढणीला आली आहे. लातूर जिल्ह्यात वेळ अमावास्येची स्थानिक सुटी असते, वाळूजला ती नसते. म्हणून मी गुरुवार, शुक्रवार, शनिवार आणि सोमवार अशी चार दिवसांची पीएल मागितली. खात्यावर चौदा पीएल शिल्लक आहेत.

सुपरवायझर तोंडी म्हणाले की माल पाठवण्याची घाई असल्यामुळे डिसेंबरमध्ये पीएल मिळणार नाही. जायचेच असेल तर बिनपगारी जा, आणि मधला रविवार धरून पाच दिवसांचा पगार कापला जाईल. शिल्लक पीएल ३१ डिसेंबरला बुडतील असेही सोबतचे कामगार सांगतात. माझा पगार १८,२०० रुपये असून तो महिन्याच्या २६ दिवसांवर धरला जातो. मला भांडण करायचे नाही, पण यातले नियमाने काय आहे आणि केवळ रूढीने काय चालते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त कार्मिक कर्मचारी, छत्रपती संभाजीनगर:

भाऊ, तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट रजा नाकारण्याची. कामाची निकड असल्यास मालक मागितलेल्या तारखांना रजा नाकारू शकतो, हे आधी मान्य करावे लागेल. रजा मंजूर नसताना गेलात तर ती गैरहजेरी धरली जाते आणि त्या दिवसांचा पगार मिळत नाही. परंतु नाकारलेली रजा बुडत नाही. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ७९ नुसार २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळत असे आणि शिल्लक रजा ३० दिवसांपर्यंत पुढच्या वर्षात नेता येत असे. मात्र रीतसर मागूनही नाकारलेल्या रजेला ही ३० दिवसांची मर्यादा लागू नव्हती. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने २४० दिवसांची अट १८० वर आणली आहे आणि नाकारलेल्या रजेचे हे संरक्षण कायम ठेवले आहे. तेव्हा तुमच्या चौदा पीएल ३१ डिसेंबरला बुडतील, हे म्हणणे चुकीचे आहे. वर्षाअखेर सीएल (नैमित्तिक रजा) बुडतात, त्यावरून हा समज पसरला असावा.

हे संरक्षण तोंडी मागणीवर मात्र सिद्ध करता येत नाही. सुपरवायझरने मान हलवली किंवा नाही म्हटले, याची नोंद कुठेही राहत नाही, आणि माझ्या नोकरीच्या काळात कामगारांचे सर्वांत जास्त नुकसान याच एका सवयीमुळे झालेले मी पाहिले आहे. अर्ज लेखी द्या, शक्यतो १५ दिवस आधी द्या (कलम ७९ ने घालून दिलेली मुदत तीच होती), आणि दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाची पोच घ्या. नकार असेल तर तो त्याच अर्जावर लिहून मागा. लेखी नकार द्यायची वेळ आली की पुष्कळदा दोन दिवस तरी मंजूर होतात.

दुसरी गोष्ट रविवारची. भरपगारी रजेच्या मध्ये किंवा टोकाला येणारी सुटी रजेत मोजायची नसते, म्हणून पीएल मंजूर झाली तर तुमच्या खात्यातून चारच दिवस वजा व्हायला हवेत.

तिसरी गोष्ट बिनपगारी कपातीची. वेतन प्रदान अधिनियम १९३६ मध्ये कलम ९ ला आणि आता वेतन संहिता २०१९ मध्ये तत्त्व एकच आहे: कराराप्रमाणे जितके दिवस काम करणे बंधनकारक होते, त्यांपैकी जितके दिवस कामगार गैरहजर राहिला, त्याच प्रमाणात पगार कापता येतो, त्याहून जास्त नाही. रविवारी तुम्ही कामावर येणे बंधनकारकच नव्हते. १८,२०० भागिले २६ म्हणजे रोजचे ७०० रुपये, चार दिवसांचे २,८००. ३,५०० रुपये कापले तर ७०० रुपये जास्तीचे कापले गेले, असे माझे स्पष्ट मत आहे. पगारपत्रक आल्यावर हा हिशोब लेखी मांडा. ऐकले नाही तर कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज करता येतो.

नांदेड येथील खाजगी कार्यालयातील कर्मचारी:

कारखान्याऐवजी दुकान किंवा कार्यालयात असणाऱ्यांसाठी थोडी भर घालते. त्यांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ लागू होतो. त्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा असून त्या वर्षाअखेर संपतात. अर्जित रजा मात्र ४५ दिवसांपर्यंत साठवता येते.

वाळूज येथील कामगार प्रतिनिधी:

वरील दादांनी सांगितलेले योग्य आहे, परंतु एक सावधगिरी बाळगावी. येळवशीला एकाच भागातील बरीच मुले मिळून गावी निघतात. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, पूर्वसूचनेशिवाय आणि सबळ कारण नसताना गैरहजर राहिले, तर प्रत्येकाचा आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची तरतूद कायद्यात आहे. म्हणून प्रत्येकाने आपापला स्वतंत्र अर्ज वेळेत द्यावा.

आजारपणाचा खोटा दाखला आणण्याचा सल्लाही कोणी दिला तर तो ऐकू नका. तुमचा पगार २१,००० रुपयांच्या आत असल्याने तुम्ही कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) असणार. खऱ्या आजारपणात तिथून वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, आणि खरेच आजारी पडलात तर उद्या तुम्हालाच ती लागणार आहे.

औसा तालुक्यातील कामगार (सध्या वाळूज):

सर्वांचे मनापासून आभार. आज चार दिवसांचा लेखी अर्ज कार्यालयात दिला आणि प्रतीवर शिक्का घेतला. गुरुवार आणि सोमवार जमणार नाही, पण शुक्रवार-शनिवारची पीएल लिहून मिळाली आहे. लागून आलेला रविवार धरून तीन दिवस हाताशी येतात, त्यात पूजा होईल. तुरीसाठी भावकीतल्या काकांना बोललो आहे.