रंगपंचमीच्या शनिवार-रविवारी इंदूरला मावशीकडे: दोन दिवस कसे बसवावेत?

बोरिवलीकर:
माझी मावशी इंदूरच्या रामबागेत राहते. तिचे वय ७८ असून काका गेल्यापासून ती एकटीच असते. करोनाच्या आधी मी तिच्याकडे शेवटचा गेलो होतो, आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने तर तिला फोनच्या पडद्यावरच पाहिले आहे. यंदा रंगपंचमी ८ मार्च २०२६ रोजी, म्हणजे रविवारी आल्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी अवंतिका एक्स्प्रेसने निघून शनिवारी सकाळी पोहोचायचे आणि रविवारी संध्याकाळी त्याच गाडीने परतायचे, अशी तिकिटे काढली आहेत. गेर (रंगपंचमीची मिरवणूक), सराफा (रात्रीची खाऊगल्ली), महेश्वर आणि जमल्यास मांडू व उज्जैन, अशी माझी यादी आहे. पत्नीचे म्हणणे असे की, एवढे सगळे करायचे असेल तर मावशीच्या घराला धर्मशाळा म्हणावे आणि मोकळे व्हावे. इंदूरची माहिती असणाऱ्यांनी यातले काय ठेवावे आणि काय सोडावे, हे कृपया सांगावे.

रामबागकर:
मांडू आणि उज्जैन यादीतून आजच काढावे. मांडूचे खरे रूप पावसाळ्यात दिसते, मार्चमध्ये तिथे दुपारी दगड तापलेले असतात. उज्जैन पंचावन्न किलोमीटरच असले तरी महाकालाच्या रांगेत किती वेळ जाईल याचा भरवसा देता येत नाही.

गेरीविषयी मात्र सविस्तर सांगतो, कारण मुंबईत धुळवड खेळून झालेल्या माणसाला इथली रंगपंचमी हे शेपूट वाटते, आणि इथे आल्यावर ते डोके असल्याचे कळते. टोरी कॉर्नर आणि आसपासच्या भागांतून सकाळी दहा-अकराच्या सुमारास गेरी निघतात आणि राजवाड्यावर येतात. टँकरवर बसवलेल्या पंपांतून रंगीत पाणी आणि गुलाल इतका उंच उडवतात की, राजवाड्याचा दर्शनी भाग आणि शेजारच्या इमारती आदल्या दिवसापर्यंत ताडपत्री व प्लास्टिकने झाकून घ्याव्या लागतात. (१९८४ च्या आगीतून वाचलेला हा सातमजली दर्शनी भाग मुलाला बघायचा असेल, तर तोही शनिवारी सकाळीच, झाकला जाण्याआधी दाखवावा.) गर्दी लाखांत असते, त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलाला मधोमध नेऊ नये. मार्गावर कोणाची गॅलरी मिळत असेल तर उत्तम, नाहीतर कडेच्या गल्लीच्या तोंडाशी तासभर उभे राहून परत फिरावे. वाहने त्या भागात बंद असतात, म्हणून जाणे-येणे पायीच होईल असे धरून चालावे. केसांना आणि अंगाला आधी खोबरेल तेल चोपडावे. मुलाचे डोके धुऊन काढायलाच दोन पाणी लागतील, तेव्हा संध्याकाळची गाडी असल्याने दुपारी एकपर्यंत घरी यावे. गेर संपताच महापालिकेचे सफाई कर्मचारी रस्त्यांवर उतरतात आणि काही तासांत रस्ते धुऊन काढतात, आणि माझ्या मते ते दृश्य गेरीइतकेच बघण्याजोगे आहे, पण तुमच्या वेळापत्रकात ते बसणार नाही.

पळसबन:
वरील सल्ल्यातील बहुतेक गोष्टी मला मान्य आहेत. मात्र महेश्वरचा विषय रामबागकरांनी काढलाच नाही, आणि तो सोडून देण्यासारखा नाही. अंतर सुमारे नव्वद किलोमीटर आहे. माळव्याचे पठार संपून विंध्याचा घाट उतरताना मार्चच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंना पळस फुललेला दिसतो आणि खाली निमाडात उतरताच हवा बदलून उकाडा जाणवू लागतो. हा बदल एका प्रवासात अनुभवायला मिळणे दुर्मीळच आहे. अहिल्याबाईंनी राजधानी इंदूरहून महेश्वरला का नेली असेल, हे किल्ल्याच्या तटावरून नर्मदेचे पात्र पाहिल्याशिवाय मुलाला समजणार नाही. शनिवारी सकाळी दहाला गाडी ठरवून निघालात तर सातपर्यंत परत याल. मावशींना सोबत न्यावे, पण घाटाच्या पायऱ्या पुष्कळ आहेत, त्यामुळे त्यांना विणकरांकडे बसवून साड्या दाखवाव्यात. दोन्ही बाजूंनी नेसता येणारी बुगडीची किनार त्यांच्या परिचयाची असेलच.

रामबागकर:
रात्रभर रेल्वेत बसलेल्या मुलाला त्याच दिवशी पुन्हा पाच-सहा तास मोटारीत बसवणे मला पटत नाही. शिवाय सकाळी नऊ-दहाला पोहोचलेल्या माणसांनी मावशींच्या हातचे पोहे खाऊन तासाभरात निघावे, हेही योग्य वाटत नाही.

सुनंदाआजी:
मी इंदूरची नाही, बडोद्याची आहे, परंतु माझ्याकडे भाचे-पुतणे असेच दोन दिवसांसाठी येतात, म्हणून यजमानाच्या बाजूने लिहिते. आपण येणार असे कळल्यापासून मावशी आठवडाभर आधीच काय करायचे हे ठरवत असतील, आणि शनिवारच्या जेवणाला पुरण किंवा श्रीखंड असणार हे मी इथूनच सांगू शकते. तुम्ही सराफ्यात खाऊन पोट भरून आलात आणि रविवारी सकाळी दोन घासांवर ताट सारलेत, तर त्या काही बोलणार नाहीत, पण ते त्यांच्या लक्षात राहील. तेव्हा शनिवारी दुपारचे जेवण घरी भरपेट घ्यावे, रात्रीचे घरी नको म्हणून आधीच फोनवर सांगावे, म्हणजे त्यांचाही ओट्यापाशी उभे राहण्याचा त्रास वाचेल. आणि एक राहिले: आपण तिघे सल्ले देत आहोत, पण मावशींना काय हवे आहे हे कोणी विचारले आहे का?

बोरिवलीकर:
सर्वांचे मनापासून आभार. सुनंदाआजींचा प्रश्न वाचून थोडे ओशाळायला झाले, आणि काल रात्रीच मावशीला फोन केला. महेश्वरला तिला मुळीच यायचे नाही. साड्या तिच्याकडे तीन कपाटे भरून आहेत, असे तिने सांगितले. गेर मुलाने जरूर पाहावी, मात्र तिच्या मैत्रिणीच्या गॅलरीतूनच, आणि त्यासाठी तिने शब्दही टाकून ठेवला आहे. आश्चर्य असे की सराफ्यात तिला स्वतःला यायचे आहे. दिवसा सोन्या-चांदीच्या पेढ्या असलेली ती गल्ली रात्री खाण्याची होते, तेव्हा काका आणि ती दर महिन्याला तिथे जात असत, आणि गेल्या सहा वर्षांत तिला रात्री तिकडे नेणारे कोणी राहिलेले नाही. थंडीतला गराडू आता मिळणार नाही याचे तिला वाईट वाटते, पण भुट्ट्याचा कीस आणि दहीबडा तिने नक्की केला आहे. मुलाला शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत वाटते, तेव्हा इंदूरची दुधाची शिकंजी पाहून त्याचे तोंड कसे होते ते तिला बघायचे आहे.

त्यामुळे शनिवारी दुपारी जेवण आणि झोप, संध्याकाळी लवकर राजवाडा, उशिरा सराफा, आणि रविवारी गेर, असे ठरले आहे. राजवाडा तोवर झाकलेला असला तर मुलाने झाकलेला बघावा. शनिवारी मधल्या वेळात माळ्यावरचा पितळी बंब खाली काढून द्यायचा आहे. शिडी शेजाऱ्यांकडे मिळेल, हेही तिने सांगून ठेवले आहे.