मुलांची वाळू आणि पंप रूममागची जागा: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

अश्विनी (बी-४०३): नमस्कार. लिहायला अवघड वाटतंय, पण लपवणंही बरोबर नाही. काल सकाळी ओवीच्या शीतून जंत पडला. गांडुळासारखा, पांढुरका-गुलाबी, चांगला वीतभर. ती किंचाळून माझ्या गळ्यातच पडली. डॉक्टरांनी गोळी दिलीय, आता बरी आहे. मातीतून होतं म्हणाले. आपली सगळ्यांची मुलं एकाच वाळूत खेळतात, म्हणून सांगतेय.

मीनल (ए-१०२): अगं बाई! अद्वैतचंही पोट महिनाभर अधूनमधून दुखतंय गं. शाळा बुडवायची म्हणून करतोय असं समजून मी त्याला रागावत होते.

देशमुख काका (सी-२०१): मुलांचं गोड बंद करा आणि वावडिंग उकळून पाणी द्या. आमच्या आईचा हाच उपाय होता.

राहुल (बी-६०१): जोशी सर, वाळूचा खड्डा आजच्या आज बंद करा. मुलांना मातीत सोडूच नका कोणी.

कुलकर्णी काकू (ए-३०४): थोडं मोठं लिहितेय, पण सगळ्यांनी वाचा. मी तीस वर्षं परिचारिका होते, त्यातली नऊ जव्हारकडे. तेव्हा तो भाग आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता.

देशमुख साहेब, गोड खाऊन जंत होत नाहीत. जंत अंड्यातून होतो आणि ते अंडं ज्याच्या पोटात आधीच जंत आहे त्याच्या शौचातून मातीत येतं. एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. डोळ्यांना दिसत नाहीत, चिकट असतात. ताजं अंडं लगेच बाधत नाही. ओलसर, सावलीच्या मातीत दोन-चार आठवडे राहिलं की आत अळी तयार होते. मग नखांतून नाहीतर नीट न धुतलेल्या कोथिंबिरीतून ते पोटात जातं. अळी आतड्यातून रक्तात शिरते, फुप्फुसात जाते, तिथून घशाशी येऊन परत गिळली जाते. म्हणून काही मुलांना आधी नुसता खोकला येतो. गिळल्यापासून अंडी घालणारा मोठा जंत व्हायला दोन ते तीन महिने लागतात.

आज ऑगस्ट आहे. म्हणजे ओवीच्या पोटात अंडं गेलं ते मे-जूनमध्ये किंवा त्याच्याही आधी. तेव्हा आपल्याकडे काय चालू होतं?

राहुल (बी-६०१): रंगकाम. मोठं काम काढलं होतं.

कुलकर्णी काकू (ए-३०४): हो. फेब्रुवारीपासून मे संपेपर्यंत अकरा माणसं पंप रूमच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. दोन बायका होत्या त्यांत. संडास कुठे होता त्यांना? क्लब हाऊसच्या टॉयलेटला कुलूप लावायचं मीटिंगमध्ये ठरलं, तेव्हा मीही हात वर केला होता. त्यातली एक बाई रोज पहाटे अंधारात डबा घेऊन कुंपणाकडे जायची. माझ्या ओट्यासमोरच्या खिडकीतून दिसायची. मी बघितलं आणि गप्प बसले. त्याचं मला फार वाईट वाटतंय.

तिथला उतार वाळूच्या खड्ड्याकडेच आहे. पावसाचं पाणी सगळं तिकडेच येतं.

संदीप (सी-५०२): काकू, पण ओवीला तिथूनच झालं हे कशावरून? बाजारातल्या पालेभाजीतूनही होऊ शकतं ना?

कुलकर्णी काकू (ए-३०४): होऊ शकतं. नक्की तिथूनच झालं असं मी म्हणणार नाही. भाजी वाहत्या पाण्याखाली पान न् पान चोळून धुवा, शिजवून खा. पण कुंपणालगत माणसं शौचाला जात होती हे आपल्याला माहीत आहे आणि ही अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. आणि त्या अकरा जणांना कोणी नावं ठेवू नका. जागा आपण दिली नाही.

जोशी, सेक्रेटरी (बी-१०१): काकू, मान्य. आजची परिस्थिती सांगतो. वॉचमन गेटजवळचं टॉयलेट वापरतात. माळीदादा आणि झाडूवाल्या मावशींना त्याची चावी दिलेली नाही. ते कुठे जातात हे मी कधी विचारलं नाही.

कुलकर्णी काकू (ए-३०४): माळीदादा तर वाफ्यांत अनवाणी काम करतात. जंताचा आणखी एक प्रकार आहे, अंकुशकृमी. त्याला तोंडावाटे जायची गरजच नाही. मातीतली अळी पायाच्या कातडीतून आत शिरते. बोटांच्या बेचक्यात खाज सुटते, बारीक पुरळ येतं आणि कोणी लक्ष देत नाही. मग तो आतड्याला चिकटून रक्त पितो. जव्हारला बाया यायच्या, चार पायऱ्या चढल्या की धाप. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली की आत पांढरी फटक. दादांना बूट हवेतच.

राहुल (बी-६०१): गमबूट मी उद्या आणतो. त्यांचं माप कोणीतरी विचारा.

मीनल (ए-१०२): काकू, अद्वैतला गोळी देऊ का? शाळेत वाटली त्या दिवशी तो घरी होता.

कुलकर्णी काकू (ए-३०४): महिनाभर दुखतंय तर आधी डॉक्टरांना दाखव. शाळा-अंगणवाडीतली गोळी म्हणजे अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅमची एक, दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धी. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून आहे, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, १ ते १९ वयासाठी. त्या दिवशी चुकलेल्या मुलांना नंतर एक दिवस ठेवून देतात, शाळेत विचार. चांगली चावून खायला लाव. वावडिंगावर विसंबू नका.

पण गोळीने पोटातला जंत जातो, मातीतली अंडी तशीच राहतात. मूल परत त्याच मातीत गेलं की परत होतो. आणि सॅनिटायझरने हे अंडं मरत नाही. साबण लावून, नखांत चोळून हात धुवायचे, वाहत्या पाण्याखाली.

देशमुख काका (सी-२०१): वहिनी, पटलं. वाळूचं काय करायचं मग?

कुलकर्णी काकू (ए-३०४): जुनी काढून नवी भरा, खड्ड्याला ताडपत्री घाला म्हणजे मांजरंही घाण करणार नाहीत. कुंपणाकडचं पाणी वळवायला छोटी चर काढा. पण मुलांचं खेळणं बंद करू नका हो. एवढीच तर माती उरलीय त्यांना.

जोशी, सेक्रेटरी (बी-१०१): वाळू आणि चर या आठवड्यात करून घेतो. क्लब हाऊसचं टॉयलेट उद्या सकाळी सहापासून सगळ्या कामगारांसाठी खुलं. चावी वॉचमनच्या टेबलावर ठेवतो. पुढच्या कोणत्याही कामाच्या करारात कामगारांच्या संडासाची अट घालू.

अश्विनी (बी-४०३): साबण आणि बादली मी ठेवते सर. आणि तिकडे जायच्या वाटेवर दिवा नाहीये, तोही लावा.

कुलकर्णी काकू (ए-३०४): जोशी, चावी नको, कुलूपच काढा. वॉचमनकडे चावी मागायला मावशी लाजतात.

जोशी, सेक्रेटरी (बी-१०१): काढतो. आत्ताच खाली जातोय.