१९९९ची जिप्सी: ताम्हिणीत रात्री रस्त्याची कडा दिसत नाही, हेडलाइटला एलईडी टाकू का?

जिप्सीवाली_वारजे

नमस्कार. बाबांची १९९९ची जिप्सी किंग आता मी चालवते. सॉफ्ट टॉप, १३०० सीसी. ती विकायची नाही हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही, पण ठरलेलं आहे.

माझं आजोळ माणगावजवळ. महिन्यातून दोनदा मुळशी-ताम्हिणीमार्गे जाणं होतं. ऑफिस सुटल्यावर निघते, त्यामुळे घाट नेहमी अंधारातच लागतो. गेल्या शुक्रवारी पाऊसही होता आणि धुकंही. डावीकडे रस्ता कुठे संपतो तेच कळेना. शेवटी आईने काच उघडून डोकं बाहेर काढलं आणि "थोडं उजवीकडे घे, थोडं उजवीकडे" असं सांगत मला घाट पार करून दिला. साठीच्या बाईला पावसात असं भिजत बसायला लागलं, याचं मला फार वाईट वाटलं.

गाडीला सात इंची गोल दिवे आहेत, आत एच-४ बल्ब (एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट). वर्षभरापूर्वी एका मेकॅनिकने १००/९० वॅटचे बल्ब (अप्पर म्हणजे लांबचा झोत १००, डिपर म्हणजे जवळचा झोत ९०) टाकून दिले होते. आठवडाभर बरं वाटलं, मग जळका वास यायला लागला. उजवीकडचा होल्डर वितळून काळा पडला होता. परत ६०/५५ टाकले. आता एक जण म्हणतो त्याच दिव्यात एलईडी बल्ब टाका, दुसरा म्हणतो पूर्ण एलईडी युनिटच बदला. पासिंगला अडचण यायला नको आणि बाबांच्या गाडीची तोडफोडही नको. काय करू?

थारवाला_बावधन

माझ्या जुन्या थारमध्ये पूर्ण एलईडी युनिट आहे. कोरड्या रस्त्यावर उत्तम. पण पावसाळ्यात काचेला आतून दमटपणा धरतो आणि तो लवकर जात नाही, कारण हॅलोजनसारखी पुढची काच तापत नाही. सहा हजार केल्विनचा पांढरा उजेड धुक्यात माझ्या डोळ्यांना त्रास देतो.

घेणारच असाल तर काचेवरचा बाण बघा. युरोपीय मानकाच्या दिव्यावर, समोर उभं राहून पाहिलं की आपल्या उजव्या हाताकडे जाणारा बाण हवा. तो डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीचा दिवा. बाण नसेल तर तो उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशांसाठी बनवलेला. त्याचा उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात चढतो. मी पहिली जोडी अशीच चुकीची घेतली होती आणि समोरचे सगळे दिवे लुकलुकवून इशारा का करतात ते महिनाभर कळलं नाही.

ऑटोइलेक्ट्रिक_नानापेठ

ताई, नाना पेठेत ३४ वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं, आता हात थरथरतो म्हणून बंद केलंय. तुमच्या आईंचं वाचून लिहायला बसलो.

दिव्याला हात लावू नका. आधी मीटर घ्या. इंजिन चालू, दिवे चालू, कनेक्टर बल्बला लावलेलाच ठेवायचा. बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट बघा, मग बल्बच्या मागच्या पिनांवर बघा. जो फरक येईल तेवढं तुमचं वायरिंग खातंय. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. पंचवीस वर्षांची बारीक वायर, काळे पडलेले कॉन्टॅक्ट, गंजलेलं अर्थिंग. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या कितीतरी पट कमी होतो. दहा टक्के व्होल्टेज पडलं की तीस टक्के उजेड गेला समजा.

तुमचा होल्डर का जळला ते यातच आहे. दोन्ही अप्पर ६० वॅटचे असतात तेव्हा साधारण १० अँपिअर करंट जातो. १०० वॅटचे टाकले की सोळा-सतरा. वायर तीच. त्या वायरमधली उष्णता पावणेतीन पट होते. बल्ब विकणारा चांगला बल्ब देतो हो, पण त्याच्यापर्यंत वीज पोचवायची कशी ते कुणी बघत नाही.

एलईडी बल्बबद्दल: एच-४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते. तिच्यामुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि रस्त्यावर सरळ कापलेली रेषा तयार होते, डावीकडे जरा वर चढणारी. ती चढण म्हणजेच तुम्हाला हवी असलेली रस्त्याची कडा! एलईडीचे ठिपके फिलामेंटच्या नेमक्या जागी बसले नाहीत तर ती रेषाच पुसली जाते. उजेड सगळीकडे पसरतो, जवळचा रस्ता लखलखीत दिसतो आणि लांबचं काही दिसत नाही. शिवाय गाडीच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत. पासिंगची काळजी असेल तर ६०/५५ वरच राहा.

मीटरचे आकडे इथे टाका, मग पुढचं सांगतो.

भोर_महाड

काकांचं बरोबर आहे. मी एसटीवर ड्रायव्हर होतो, वरंधा घाटात बरीच वर्षं. धुक्यात अप्पर कधीच लावू नका, ताई. सगळा उजेड धुक्यावर आपटून तुमच्याकडेच परत येतो. डिपर ठेवा, वेग कमी करा, आणि जमलं तर बंपरच्या खाली, जितके खाली बसतील तितके, पिवळे फॉगलॅम्प लावा. खालून गेलेला उजेड रस्त्याला चिकटून जातो.

दुसरं, जे मला मनापासून सांगायचंय. एकदा वळणावर समोरून पांढऱ्याफटक दिव्यांची गाडी आली आणि चार-पाच सेकंद मला काहीच दिसलं नाही. मागे चाळीस माणसं बसलेली. मी जागेवर थांबलो. डोळे निवळले तेव्हा गाडीच्या डाव्या अंगाला डोक्यावर भारा घेतलेली एक बाई उभी होती. थांबलो नसतो तर ती गेली असती. स्वतःला दिसण्यासाठी दिवे वाढवताना समोरच्याचे डोळे जाणार नाहीत एवढं बघा.

जिप्सीवाली_वारजे

काका, आकडे घेतले. मीटर शेजारच्यांचा. बॅटरीवर १३.९, बल्बवर ११.६. मग बॅटरीच्या प्लसपासून बल्बच्या प्लसपर्यंत मोजलं तर ०.६, आणि अर्थच्या बाजूला तब्बल १.७. अजून एक गोष्ट विचित्र वाटली: दिवे बंद असतानाही कनेक्टरच्या एका पिनवर पूर्ण व्होल्टेज आहे. शॉर्ट आहे का?

भोर-महाडवाले काका, ते मनात राहील.

ऑटोइलेक्ट्रिक_नानापेठ

शॉर्ट नाही. सुझुकीच्या या जुन्या घराण्यातल्या गाड्यांत हेडलाइटला प्लस कायम असतो आणि स्विच अर्थची बाजू जोडतो-तोडतो. म्हणूनच तुमचा मोठा फरक अर्थकडे आलाय, स्विच त्याच बाजूला आहे. हे माहीत नसलेला माणूस नेहमीसारखा रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावतो, दिवे लागत नाहीत, आणि मग वायरी कापत सुटतो. तुम्ही मोजलंत ते फार चांगलं केलंत.

११.६ भागिले १३.९ म्हणजे ०.८३. उजेड निम्म्यावर आलाय. तुमचे दिवे चांगले आहेत ताई, ते उपाशी आहेत.

आता काम. दोन रिले, एक अप्परचा, एक डिपरचा. रिलेच्या ८५ आणि ८६ या पिना कॉइलच्या. जुना कनेक्टर बल्बवरून काढायचा आणि फिलामेंटच्या जागी कॉइल जोडायची: डिपरच्या रिलेची कॉइल कॉमन (दोन्ही फिलामेंटची सामाईक पिन) आणि डिपरच्या पिनेत, अप्परची कॉमन आणि अप्परच्या पिनेत. स्विच प्लस तोडत असो की अर्थ, दोन्हीकडे चालतं. मूळची एकही वायर कापावी लागत नाही, उद्या काढून टाकलं तर बाबांची गाडी होती तशी.

बॅटरीच्या प्लसवरून २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून बल्बला. बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज, प्रत्येक रिलेला वेगळा, १५ अँपिअरचा. फ्यूज लांब लावला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर गाडी पेटेल, इथे आळस नको. दोन्ही बल्बची अर्थ वायर मडगार्डच्या पत्र्याला न देता थेट बॅटरीच्या निगेटिव्हला आणा. होल्डर सिरॅमिकचे घ्या. रिले बसवताना पिना खाली, म्हणजे पाणी निथळून जातं. वायर तपकीर गल्लीत मिळेल, रिले-होल्डर नाना पेठेत.

रिफ्लेक्टरची चांदी उडाली असेल तर मात्र नवीन काचेचं सात इंची युनिट घ्या. बल्बच्या काचेला बोट लावू नका, लागलंच तर स्पिरिटने पुसा. मागचं रबरी बूट फाटलेलं असेल तर तेही बदला, पाणी तिथूनच शिरतं.

आणि शेवटी फोकस, हे कुणीच करत नाही. सपाट जागा, टायरमध्ये नेहमीची हवा, ड्रायव्हर सीटवर बसलेला. भिंतीपासून १० मीटर. भिंतीवर दिव्याच्या मध्याच्या उंचीची खडूने रेघ मारा. डिपरची कापलेली कड त्या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली यायला हवी. रिंगजवळच्या दोन स्प्रिंगवाल्या स्क्रूंनी होतं. एका वेळी एकच दिवा, दुसरा पोत्याने झाका.

जिप्सीवाली_वारजे

पंधरा दिवस झाले, सांगायचं राहिलं होतं. वारज्यातल्या एका इलेक्ट्रिशियन दादांनी काकांचं लिखाण समोर ठेवून काम केलं, मी शेजारी उभी होते. बल्बवर आता १३.५ येतात. बल्ब तेच, ६०/५५. डाव्या रिफ्लेक्टरची चांदी खरंच गेली होती, म्हणून दोन्ही युनिट नवीन घेतली. फोकस सोसायटीच्या मागच्या भिंतीवर लावला; उजवा दिवा रेघेच्या एक वीत वर होता. म्हणजे इतकी वर्षं आम्ही लोकांच्या डोळ्यात उजेड मारत होतो.

काल रात्री साडेनऊला ताम्हिणी उतरले. पाऊस होता, धुकं थोडं कमी. डिपरवर डाव्या कडेचे दगड आणि त्यापुढचं गवत वेगळं दिसत होतं. आईची काच बंद होती. कोलाडची कुणाची तरी लग्नाची गोष्ट ती माणगावपर्यंत सांगत होती.

एकच राहिलंय. डाव्या रिंगचा फोकसचा एक स्क्रू गंजून तुटला, सध्या तारेने बांधलाय. सुटा मिळतो का?

ऑटोइलेक्ट्रिक_नानापेठ

मिळतो. जुना तुकडा सोबत न्या, आटे जुळवून घ्या. स्प्रिंग आणि मागची प्लॅस्टिकची नटसुद्धा बदला, ती पहिली गेलेली असते. तारेवर घाटात जाऊ नका, खड्ड्यात फोकस हलेल.