'स्वतंत्र' नाटक म्हणजे नक्की कुठलं?

गोदाकाठ
मंडळी, एका पत्रकावर अडले आहे. आमचा आठ-नऊ जणींचा गट. निर्माता नाही, अनुदान नाही. नाशकात गंगापूर रोडला एकीच्या गच्चीवर साठ खुर्च्या मांडून प्रयोग करतो आणि शेवटी स्टीलचा डबा फिरवतो. इंग्रजी टिपणातल्या 'इंडिपेंडंट फेमिनिस्ट थिएटर'चं मी 'स्वतंत्र स्त्रीवादी नाटक' केलं. खाली 'रूपांतर' अशी ओळ आहे, कारण मूळ नाटक परभाषेतलं. छापखान्यात प्रूफ बघताना तिथे बसलेले एक जुने नाटकवाले काका म्हणाले, "ताई, एक काहीतरी खोडा. स्वतंत्र तरी, नाहीतर रूपांतर तरी." म्हटलं, स्वतंत्र म्हणजे आमचं आम्ही करतो ते. तर म्हणे, "मग तसं लिहा ना." तसं म्हणजे कसं?

तिसरी_घंटा
काकांचं बरोबर आहे. नाटकात 'स्वतंत्र' हे विशेषण संहितेला लागतं, म्हणजे दुसऱ्या कशावर न बेतलेली; करणाऱ्यांना नाही. शिरवाडकरांचं 'राजमुकुट' हे 'मॅकबेथ'चं रूपांतर, 'नटसम्राट' (1970) स्वतंत्र. (कृपया ते 'किंग लिअर'वरून घेतलंय, असं कोणी काढू नये. कालिदास नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर निम्मं आयुष्य तो वाद ऐकण्यात गेलंय.) तुम्हाला 'प्रायोगिक' म्हणायचं आहे.

गोदाकाठ
प्रायोगिक नाही हो. नाटक साधं सरळ आहे, दोन बहिणी आणि एक कपाट. प्रयोग आहे तो फक्त पैशांचा.

शब्दवेडा
'तंत्र' म्हणजे मुळात माग, ताणलेले धागे. 'तन्' धातू. स्वतंत्र म्हणजे ज्याचा माग स्वतःचा तो. या अर्थाने ताईंचा गट शंभर टक्के स्वतंत्र. शब्द खोडू नका.

येवलेकर
शब्दवेडाशेठ, आमच्याकडे पैठणीचे माग आहेत म्हणून सांगतो. माग स्वतःचा असतो, पण रेशीम व्यापाऱ्याचं असतं. आणि कांड्यांवर धागा भरायला घरातल्या बायका, त्यांना विणकर कोणी म्हणत नाही. तेव्हा स्वतःचा माग म्हणजे स्वतंत्र, हे येवल्यात येऊन बोला :)

विंगेतली_मी
मला 'स्वतंत्र'पेक्षा 'हौशी' टोचतो. स्पर्धेचं सरकारी नावच 'हौशी मराठी नाट्य स्पर्धा'. वीस वर्षं करतेय. पोळ्या लाटून तालमीला, साईखेडकर नाट्यगृहात प्रयोग झाला की रात्री साडेबाराला कॉट आणि लेव्हल टेम्पोत चढवायच्या. कमरेचा पट्टा लागला तो नाटकामुळेच. तरी घरी पाहुणे आले की "हिला नाटकाची हौस आहे" अशी ओळख होते. नवरा त्याच गटात प्रकाशयोजना करतो, तो मात्र 'रंगकर्मी'.

तिसरी_घंटा
हौस अरबी 'हवस'वरून आलाय. त्या मानाने मराठीत बराच सभ्य झाला म्हणायचा.

विंगेतली_मी
बाईला लावला की अर्धा मूळपदावर येतो.

पंचवटीकर
'मुक्त स्त्रीवादी नाटक' करा की. सुटसुटीत.

तिसरी_घंटा
मुक्तनाट्य म्हणजे लोकनाट्य, तमाशातल्या वगाच्या अंगाने जाणारं. आणखी एक घोळ होईल. शिवाय नाशकात 'मुक्त' म्हटलं की लोकांना मुक्त विद्यापीठाच्या परीक्षा आठवतात.

गोदाकाठ
बाई आणि मुक्त हे दोन शब्द शेजारी छापले तर कोण कोण बघायला येईल, याचा अनुभव गाठीशी आहे. नको.

'स्वतंत्र' सोडवत नाही त्याचं कारणही सांगते. "न स्त्री स्वातंत्र्यमर्हति", बाई स्वातंत्र्याला पात्र नाही, हे मनुस्मृतीतलं वचन आजोबांच्या तोंडून इतकेदा ऐकलंय की तो शब्द आपल्या पत्रकावर ठळक टाइपात हवाच, असं वाटतं. आणि काकांच्याच अर्थाने बघायचं तर हिराबाई पेडणेकरांचं 'दामिनी' 1912 सालचं, चांगलं स्वतंत्र नाटक. पण ललितकलादर्श नाटक मंडळीने ते केलं तेव्हा बायकांची कामं पुरुषांनीच केली. संहिता स्वतंत्र, लिहिणारीला स्वतःच्या नाटकात उभं राहायला जागा नाही. मग ते विशेषण नेमकं कोणाला लागलं?

तिसरी_घंटा
मुद्दा भारी आहे, पण हा इतिहास झाला, अर्थ नव्हे. रूढ अर्थ मोडून कोणाचं भलं होतं? वाचणारा गोंधळतो, एवढंच.

विंगेतली_मी
रूढ कोणी केला ते बघा. 'स्त्रीपार्टी' हा शब्द परवा मुलीला समजावला. तिला वाटलं बायकांची पार्टी. बाईचं काम करणारा पुरुष असा त्याचा अर्थ ऐकून ती अर्धा मिनिट गप्पच बसली.

मखमलाबाद_नाका
आमची आजी अशा कामांना 'पदरमोडीचं' म्हणायची. पदरमोड करून केलेलं ते. 'पदरमोडीचं नाटक' कसं वाटतं?

गोदाकाठ
अगं, काय शब्द काढलास! पदराच्या गाठीचे पैसे सोडून केलेलं नाटक. बायकांचंही आलं, पैशांचंही आलं, आणि रूपांतराशी भांडण नाही.

शब्दवेडा
थांबा. पदरमोड बायकांपुरती नाही. 'पदरचे पैसे घातले' असं पुरुषही म्हणतात. पदर म्हणजे वस्त्राचा शेवट, धोतरालाही असतो.

विंगेतली_मी
आला! बायकांना एक शब्द मिळाला की त्यात अर्धा हिस्सा मागायला.

तिसरी_घंटा
शिवाय पत्रकावर 'पदरमोडीचं' छापलं तर डब्यात लोक दया म्हणून टाकतील, नाटक आवडलं म्हणून नाही.

गोदाकाठ
तुम्ही भांडेपर्यंत छापखान्यातून पत्रकं आली. 'स्वतंत्र' तसंच आहे. काकांचं ऐकून त्यांनी 'रूपांतर'ची ओळच उडवली. त्या ओळीत माझं नाव होतं.

येवलेकर
शब्दवेडाशेठ, धोतराला पदर नसतो. सोगा असतो.

शब्दवेडा
उपरण्याला असतो की.